पत्ता बदललेली मुलं

"मोठ्या झाल्यावर तुम्ही कोण होणार?"

हा प्रश्न मी माझ्या आईला विचारला. भर वर्गात, उभी राहून, हात पाठीमागे बांधून, आणि 'तुम्ही' म्हणून, कारण दर शुक्रवारी शेवटच्या तासाला कुणाचे तरी पालक आपल्या कामाबद्दल बोलायला येत आणि त्यांना पाहुण्यांसारखंच वागवायचं असा आमच्या बाईंचा दंडक होता. प्रश्न माझा नव्हता. तो वकिलाचा होता. वकील म्हणजे माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, जिला फळा काळा आहे यावरही वाद घालता येतो. आणि मागच्या बाकावरची ढमी म्हणाली होती की मी विचारणारच नाही, ऐन वेळी टरकणार. ढमीने असं म्हटलं की मला राहवत नाही. त्या वर्षी मला कशानेच राहवत नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या मी उडी मारूनच उतरायची. आईने नुकतंच पडद्यावर एक चित्र लावलं होतं. दोन रेघा. एक जिन्यासारखी खाली खाली उतरत गेलेली, दुसरी टेबलाच्या कडेसारखी सपाट. खाली उतरणाऱ्या रेघेची प्रत्येक पायरी म्हणजे एक दगावलेलं मूल, असं आई म्हणाली, आणि चाळीस जणांचा वर्ग एकदम गप्प झाला. त्या गप्पपणात मी उभी राहिले. मला दुसरी वेळ निवडता आली असती. वर्ग आधी दचकला, मग खदखदून हसला, कारण पोस्टडॉक म्हणजे काय हे मीच त्यांना मधल्या सुट्टीत समजावून सांगितलं होतं: पीएच.डी. झाल्यावर आणि खरी नोकरी लागायच्या आधी माणूस ज्या फलाटावर उभा राहतो, त्याला पोस्टडॉक म्हणतात. बाकीचे तिथे दोन-तीन वर्षं उभे राहतात. माझी आई अकरा वर्षं उभी होती, तीन शहरांतल्या तीन फलाटांवर, आणि तिचं वय त्रेचाळीस होतं. आईसुद्धा हसली. तिच्या हातात पेन होतं, त्याचं टोपण तिने काढलं, लावलं, परत काढलं. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात कळेल." वर्गाला वाटलं हा विनोदाला विनोद झाला. बाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. पुढच्या महिन्यात मुलाखत होती हे तिथे फक्त मला माहीत होतं.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. बराच वेळ तिने बाहेर बघितलं, म्हणजे काचेत स्वतःकडे बघितलं असावं, कारण बाहेर नुसत्या गाड्यांचं दुकान नि पत्र्याची भिंत होती. "प्रश्न कुणाचा होता?" "माझा." "तुझा नव्हता. तू विचारलं असतंस तर 'म्हणजे नक्की' असं म्हणून सुरू केलं असतंस." आईपुढे खोटं टिकत नाही. कुठली गोष्ट कुणाकडून आली हे ओळखायचंच तिचं काम आहे. "तुला माहीतच नाही मी काय करते ते," ती म्हणाली. "आज सांगितलंस की." "ते वर्गाला सांगितलं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी ताबडतोब भांडले असते. ती फक्त दमलेली होती, आणि तिचं ते दमणं मला शाळेच्या गेटपासून लाजिरवाणं वाटायला लागलं होतं.

खरं म्हणजे ती काय करते हे मला माहीत होतं. पाच वर्षांच्या आतल्या काही मुलांना पोटात, मूत्रपिंडाच्या वरच्या बाजूला, कॅन्सरची एक गाठ होते. त्या गाठीचा कण काढून त्यातली कुठली जनुकं जागी आहेत आणि कुठली झोपलेली हे यंत्रावर मोजतात. एका मुलाचे वीस हजार आकडे. आई ते आकडे घेते आणि कुणाची गाठ परत येईल, कुणाची नाही, हे संगणकाला शिकवते. परीक्षानळी तिने वर्षानुवर्षं हातात धरलेली नाही आणि पेशंट तर कधीच बघितला नाही. तिची संस्था मुलांच्या रुग्णालयाच्या डोक्यावरच आहे, वरचे दोन मजले. बारा वर्षांची असताना मी सुट्टीत एकदा तिच्याबरोबर गेले होते. खिडकी नसलेली खोली, सहा टेबलं, त्यातलं आईचं प्रिंटरशेजारचं, म्हणजे दर पाच मिनिटांनी कुणीतरी तिच्या खांद्यावरून वाकणार. बाकी पाच जण तिला 'ताई' म्हणत होते, ते मला फार आवडलं होतं. नंतर कळलं की ते सगळे तिच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि प्रत्येक शहरात असे नवे पाच जण असतात, फक्त ताई तीच राहते. येताना लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं तर समोर चार-पाच वर्षांची मुलगी. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, हातात सलाइनची दांडी, गाणं म्हणायला उभी राहिल्यासारखी ऐटीत धरलेली. मागे तिचे बाबा तिच्या चपला घेऊन. तिने आम्हाला विचारलं, "वर चाललीय का खाली?" आम्ही खालीच चाललो होतो. आई म्हणाली, "वर," आणि दार बंद करायचं बटण दाबलं. आत जागा होती. "आपले जंतू लागतील तिला," आई नंतर म्हणाली, आणि ते खरंही असेल. पण तिने ते बटण दाबताना अंगठा इतका वेळ दाबून धरला होता की त्याचं नख पांढरं झालं होतं, आणि मला ते नख अजून दिसतं.

परीक्षा संपली त्या दिवशी आईने तिचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडून माझ्यापुढे सरकवला. "हे घे. बघायचंय ना मी काय करते." तक्ता होता. सहाशे बारा ओळी. चार रुग्णालयांकडून आलेल्या. एक ओळ म्हणजे एक मूल: क्रमांक, मुलगा की मुलगी, वय महिन्यांत, पहिल्या निदानाचा महिना, जन्मवेळचं वजन, गाठ कुठे, औषध कोणतं, शेवटची स्थिती हयात की मृत, आणि टोकाला 'नोंदी' नावाचा रकाना, ज्यात गेल्या वीस वर्षांत ज्याच्या मनाला येईल त्याने येईल ते लिहिलेलं. 'डावी बाजू' हा एकच शब्द अकरा पद्धतींनी लिहिला होता. तो एका पद्धतीने करायचा, हे माझं काम. "नावं नाहीत म्हणून तुला देतेय. तरी बाहेर बोलायचं नाही. ऑफिसातल्या कुणापाशीही नाही." "मी कशाला ऑफिसात बोलेन?" "माझा फोन उचलून गप्पा मारतेस ना सगळ्यांशी." हे खरं होतं. मी त्या काळात कुणाशीही गप्पा मारायची. दुसऱ्या शहरातल्या शाळेत मी जवळजवळ वर्षभर मुकी होते, इतकी की तिथल्या बाईंनी आईला बोलावून विचारलं होतं, ही घरी तरी बोलते का. तिसऱ्या शहरात, या शाळेत, पहिल्याच तासाला ढमीने मागून पाठीत पट्टी खुपसून विचारलं, "ए नवी, खोडरबर आहे?" आणि माझ्याकडे होतं. बस, एवढंच. दोन वर्षं झाली तरी मी नवीच आहे, पण आता ते नाव आहे. माझा आवाज मला इथे सापडला, आणि तो बराच मोठा निघाला. सकाळच्या प्रार्थनेनंतर बातम्या मी वाचते. नाटकात मी होते. पुढच्या वर्षीच्या नाटकात काय करायचं हे आम्ही तिघींनी आताच ठरवलं होतं, वकिलाच्या वहीत पात्रांची यादीसुद्धा होती. आणि पुढच्या महिन्यात आईची मुलाखत होती, चौथ्या शहरात, कायमच्या नोकरीची. कायमची, हा शब्द आई घरात फार हळू उच्चारायची, जसं कुणी झोपलेलं आहे. मला ती नोकरी तिला मिळायला नको होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, वकिलालाही नाही.

ती नोकरी त्या सपाट रेघेवर मिळणार होती. आईच्या संगणकाला सहाशे बारांमध्ये अडतीस मुलं अशी सापडली होती की बाकी सगळी लक्षणं वाईट, पण जनुकांचा एक विशिष्ट नमुना, आणि त्यातलं एकही गेलेलं नाही. आईने त्यांना नाव दिलं होतं निर्धास्त गट. तिच्या शोधनिबंधात म्हटलं होतं, या मुलांना औषध निम्मं करता येईल. ते औषध कानांवर जातं. वाचलेली कितीतरी मुलं पुढे बहिरी होतात. हे सांगताना आईचे डोळे असे व्हायचे की मला तिचा हेवा वाटायचा. बाबा म्हणायचा, "जगात सगळ्यांची रेघ सपाट झाली की माणूस मेला म्हणतात. तुझ्या आईची सपाट झाली की माणसं जगतात." बाबा निजायच्या खोलीच्या कोपऱ्यात बसून पडद्यावरून मुलांना गणित शिकवतो. ते कुठूनही करता येतं, म्हणून दर वेळी त्यालाच आधी विचारलं जातं आणि दर वेळी तो म्हणतो, मला काय, कुठेही. त्याने कधीतरी 'नको' म्हणावं असं मला लहानपणापासून वाटत आलंय. खोक्यांना लावायची ती खाकी चिकटपट्टी ओढल्यावर जो आवाज येतो, कापड फाडल्यासारखा, तो मला अजून पोटात ऐकू येतो.

चौथ्या दिवशी, दुपारी, मला सहावं बोट सापडलं. ओळ अठ्ठ्याऐंशी, दुसरं रुग्णालय: मुलगी, चौदा महिने, गाठ डाव्या बाजूला, उजव्या हाताला सहावं बोट. मला वाटलं, ही तर काल होऊन गेली. काल मी मागून सुरू केलं होतं. शोधलं. ओळ चारशे एकाहत्तर, चौथं रुग्णालय: मुलगी, एकतीस महिने, गाठ पुन्हा आलेली, आधीचे उपचार अन्यत्र, उजव्या हाताला सहावं बोट. जन्मवेळचं वजन दोन्हीकडे दोन किलो आठशे साठ ग्रॅम. पहिल्या निदानाचा महिना तोच. अठ्ठ्याऐंशीपुढे लिहिलं होतं, हयात. चारशे एकाहत्तरपुढे, मृत. मी दोन्ही ओळी पडद्यावर एकाखाली एक आणून ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिले. एक मुलगी आईच्या तक्त्यात जिवंत होती आणि मेलेलीही होती, आणि दोन्ही ठिकाणी मोजली गेली होती. अठ्ठ्याऐंशीच्या नोंदीत पुढे एक वाक्य होतं: कुटुंब शहर सोडून गेले, पुढील तपासणीस आले नाही.

ते वाक्य दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर पुढे गेलं असतं. दोन शहरांत मिळून सहा वर्षं आई ते वाचतच होती. पण मी ते वाचलं आणि माझे कान गरम झाले. माझ्या दोन जुन्या शाळांच्या हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढेही असंच काहीतरी असणार, आणि त्या शाळांच्या दृष्टीने मी अजून दुसरीत आहे, सातवीत आहे, दोन वेण्या घातलेली, मुकी, ठीक. मी निर्धास्त गटातल्या अडतीस ओळी वेगळ्या काढल्या आणि त्यांच्या नोंदी एकेक करून वाचल्या. शहर सोडले. पत्ता बदलला. कुटुंब स्थलांतरित. संपर्क नाही. अशी नऊ मुलं, त्यांत अठ्ठ्याऐंशीही. मग ती नऊ मी चौथ्या रुग्णालयाच्या ओळींत शोधली, वजनावरून, निदानाच्या महिन्यावरून, जन्मखुणांवरून. पाच सापडली. पाचही जणांची गाठ परत आलेली, तिथे पुन्हा कण घेतलेला, पुन्हा आकडे मोजलेले, आणि तोपर्यंत गाठीने रूप बदललेलं, म्हणून आईच्या संगणकाने त्यांना न ओळखता वाईट गटात टाकलेलं. पाचही मृत. उरलेली चार सापडली नाहीत. ती कुठेतरी मोठी होत असतील, नाहीतर एखाद्या पाचव्या रुग्णालयात गेली असतील, ज्याचा तक्ता आईकडे नाही. हे सगळं करायला मला चार तास लागले आणि त्या चार तासांत मी किती आनंदात होते ते लिहायला मला आवडत नाही, पण होते. मी गुणगुणत होते. पाचवी सापडली तेव्हा मी खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन टाळी वाजवली. एकटीने.

आई आली तेव्हा मी तिला पर्सही ठेवू दिली नाही. ती उभ्यानेच वाकून बघत होती आणि मी बोट लावून दाखवत होते. "ही बघ, ही तीच. आणि ही, ही पण." तिने काही विचारलं नाही. मीच विचारलं, "जी मुलं निघून जातात त्यांचं तुम्ही काय करता?" "शेवटचं पाहिलं त्या दिवसापर्यंत जिवंत धरतो. तसा नियम आहे." "आणि नंतर?" "नंतर ती मोजणीत नसतात." "पण ती का गेली ते कुणी विचारत नाही?" "बदल्या होतात लोकांच्या. नोकऱ्या असतात. योगायोगाने जातात असं धरायचं असतं." "आई, उपचार लागू पडत असताना मूल घेऊन कोण शहर सोडतं?" हे मी फार हुशारीने म्हणाले. वर्गात म्हणावं तसं. आई खुर्चीवर बसली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, आणि तिने पहिली जोडी तपासली, मग दुसरी. तिसरी तपासताना तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चष्म्याशिवायच बघत राहिली, म्हणजे तिला काही दिसत नव्हतं. मग ती म्हणाली, "तुला हेच हवं होतं ना?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?" "इथेच राहायचंय तुला. मला दिसत नाही असं वाटतं का? मुद्दाम शोधलंस." "शोधलं नाही. दिसलं." "पहिलं दिसलं," आई म्हणाली, शांतपणे, ऑफिसात कुणाची चूक दाखवावी तसं, "बाकीची चार शोधलीस."

मी खोलीत जाऊन पलंगावर पालथी पडले आणि रडायची वाट बघितली, पण रडू येईना, कारण ती म्हणाली ते बरोबर होतं. चार शोधलीच होती. मला हवं होतं म्हणून शोधली होती. सहावं बोट सापडलं त्या क्षणी मला त्या मुलीचं काही वाटलंच नव्हतं. मला ढमी दिसली होती, वकिलाची वही दिसली होती, पुढच्या वर्षीचा तोच बाक दिसला होता. एकतीस महिन्यांची मुलगी म्हणजे किती मोठी असते, ती बोलत असेल का, सहाव्या बोटाने तिने काय काय केलं असेल, हे मला त्या रात्रीपर्यंत सुचलंही नाही. पण मग मला वाटायचं, मी घाणेरड्या मनाने शोधली म्हणून ती पाच मुलं परत जिवंत होतात का? होत नाहीत. मग माझ्या मनाचा इथे संबंध काय? आणि संबंध नाही तर आईने ते का काढलं? रोज मी या प्रश्नाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची आणि तिथे आई उभी असायची, चष्मा हातात घेऊन. तिने ते काढलं, कारण ते काढलं की बाकीचं बघावं लागत नाही. हे मला आठ दिवसांनी कळलं, आणि कळल्यावर बरं वाटायच्या ऐवजी तोंडात गोळी विरघळल्यासारखं कडू झालं. माझी आई माझ्यामागे लपली होती. मी तिच्यापेक्षा चार बोटं उंच झाले होते खरी, पण इतकी नाही.

मी वाट बघितली. मला वाटलं, ती मोठ्या सरांना सांगेल; मोठे सर म्हणजे तिचे वरिष्ठ, जे घरी आले की बाबाला नेहमी चुकीच्या आडनावाने हाक मारतात. एका रविवारी जेवताना आईच म्हणाली, ताटाकडे बघत, "सरांकडे काढलं मी. म्हटलं, गटातली नऊ मुलं मध्येच गेलेली आहेत. ते म्हणाले, कुठल्या अभ्यासात जात नाहीत. शेवटी एक परिच्छेद टाक, नऊ रुग्णांशी संपर्क तुटला म्हणून." "झालं तर मग," बाबा म्हणाला. "त्यातली पाच मेलीत हे सांगितलंस?" मी विचारलं. आई पाणी प्यायली. "ते सिद्ध व्हायचंय. बोटं सहा असतात पुष्कळांना." "दोन किलो आठशे साठ?" "अगं ठमाकाकू," बाबा म्हणाला, "जेव आधी. सहाशे बारांमध्ये पाच म्हणजे किती होतात ते मी माझ्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो." "अडतीसमध्ये पाच, बाबा." तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. आई म्हणाली, "तो तक्ता मी तुला दाखवायलाच नको होता. कुणाला कळलं तर माझी आहे ती नोकरीपण जाईल. हे तुला समजतंय का?" मला समजत होतं. ती मला पहिल्यांदाच घाबरत होती, आणि कुणी आपल्याला घाबरलं की किती एकटं वाटतं हे मला तेव्हा कळलं. मी बाहेर कुणाला सांगणार नव्हते. वकिलालासुद्धा सांगितलं नव्हतं, तिने दोनदा खोदून विचारलं तरी. पण आईला तेवढंही खात्रीने वाटत नव्हतं.

मुलाखतीच्या तयारीसाठी ती रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभी राहून बोलायची आणि बाबा हातात फोन धरून वेळ लावायचा. "अठरा मिनिटं. दोन कमी कर." दार लोटलेलं असलं तरी मला सगळं ऐकू यायचं. ती फार छान बोलायची. वर्गात बोलली त्याहून छान, उगीच हात न हलवता, मध्ये कुठे थांबायचं ते ओळखून. औषधाने ऐकू येणं गेलेल्या मुलांबद्दल एक वाक्य होतं, तिथे तिचा आवाज जरा खाली यायचा, आणि ते नाटक नव्हतं, मला माहीत आहे, त्या मुलांसाठी तिने खरोखर माझी तीन शहरं घातली होती. मग ती म्हणायची, "अडतीस मुलं. एकही मृत्यू नाही." आणि थांबायची. त्या थांबण्यात मी रोज दाराच्या या बाजूला पाच आकडे मोजायची: अठ्ठ्याऐंशी, एकशे दोन, एकशे सत्तेचाळीस, दोनशे तीस, दोनशे एकतीस. एका संध्याकाळी ती थांबली आणि पुढे बोललीच नाही. बाबा म्हणाला, "काय झालं? विसरलीस?" आई म्हणाली, "नाही. परत सुरू करते." आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं, आणि त्या जागी आली तेव्हा न थांबता पुढे गेली. तेव्हा मला कळलं की गुरुवारच्या मुलाखतीत ती हेच म्हणणार. तिला नोकरी मिळणार. निबंध छापून येणार. कुठेतरी एखादा डॉक्टर चौदा महिन्यांच्या मुलीचं औषध निम्मं करणार, तिचे कान वाचावेत म्हणून. आणि आईला कधी मध्येच जाग आली तर ती स्वतःला सांगणार, पोरीला शहर सोडायचं नव्हतं, म्हणून तिने ते उकरून काढलं होतं.

सोमवारी शाळेचा निकाल होता. ढमी नि वकील फाटकापाशी थांबल्या होत्या, मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे. कार्यालयात एकच कारकून बाई होत्या, त्या मला बातम्यांच्या आवाजावरून ओळखतात. मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज मागितला. "दाखल्याचा अर्ज?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बदली झाली का घरी?" "अजून नाही." "मग कशाला हवाय गं? चांगली रुळलीस की." मी नुसता हात पुढे केला. त्यांनी खण उघडून अर्ज दिला, गुलाबी कागदाचा, मधोमध घडी पडलेला. बाहेर आले तर त्या दोघी तिथेच उभ्या. "इतका वेळ काय करत होतीस?" ढमी म्हणाली. "टक्के वाढवून घेत होती," वकील म्हणाली. मी हसले, आणि घरापर्यंत आम्ही पुढच्या वर्षीच्या नाटकावर भांडलो, राणी कोण आणि दासी कोण, आणि मी राणीसाठी इतकी भांडले की शेवटी वकील म्हणाली, घे बाई, हो राणी.

घरी आई आणि बाबा टेबलाशी चहा पीत होते. आईची बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती, गुरुवारची, तीन दिवस आधीच. मी अर्ज त्या दोघांच्या मध्ये ठेवला आणि बसले नाही.

"मी शाळा सोडतेय," मी म्हटलं. "कुठे जायचं ते ठरवलंय. आईला नोकरी मिळाली तर तुमच्याबरोबर येईन, काही कुरकुर करणार नाही, खोकी मी भरीन. नाही मिळाली तर पुलापलीकडच्या शाळेत नाव घालीन, तिथे मला कुणी ओळखत नाही. म्हणजे आई, तू गुरुवारी तिथे काय सांगतेस त्यावर माझं आता काहीच अवलंबून नाही. मला त्यातून काही मिळत नाही. मी ते माझ्यासाठी शोधलं होतं, तू म्हणालीस ते खरं होतं. आता मी त्यात नाही. आता ती पाच मुलं आहेत आणि तू आहेस." बाबाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "यावर पालकांची सही लागते," मी म्हटलं. "दोघांपैकी कुणाचीही चालते."